नांव आणि चिखल

ट्रायम्फ नांवाच्या इंग्रजी मोटारसायकलींचा जुना कारखाना रानावनांतल्या, दगडधोंड्यांच्या शर्यतींत पुन्हां उतरला आहे, या बातमीचें आम्हांला एवढें कौतुक कां वाटावें, असें आमच्या एका सहाध्यापकांनीं परवां विचारलें. प्रश्न रास्त आहे. जळगांव जामोदसारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गांवीं बसून आम्ही मुलांना इंग्रजी कविता शिकवितों. यंत्रशास्त्राचें आमचें ज्ञान प्लग आणि पेट्रोल यांपलीकडे जात नाहीं. आणि शर्यत म्हणून जी काय आम्हीं लहानपणीं डोळे भरून पाहिली ती शंकरपटाची, बैलांची. तरीपण एखादें नांव मरतें कसें, आणि मेलेलें नांव परत येतें तेव्हां तें कोणत्या वाटेनें येतें, हा विषय कांहीं केवळ यंत्रवाल्यांचा नव्हे. घराण्यांचीं, मासिकांचीं, नाटकमंडळ्यांचीं नांवें अशींच बुडतात आणि अशींच वर येतात. आणि वर आलेल्या नांवाखालीं जुनें काय उरलें आहे हें पारखून पाहण्याची खोड आमच्या धंद्याला लागलेलीच असते.

वार्ता अशी. ट्रायम्फच्या चालकांनीं २०२१ सालीं जाहीर केलें कीं, मोटोक्रॉस व एंड्युरो या दोन्ही प्रकारच्या शर्यतींसाठीं आपण अगदीं नव्यानें गाड्या घडविणार. अमेरिकेचे रिकी कारमायकल आणि एंड्युरोंत पांच वेळां जगज्जेते ठरलेले स्पेनचे इव्हान सेर्व्हांतेस या दोघां नाणावलेल्या स्वारांना त्यांनीं गाडी घडत असतांनाच हाताशीं घेतलें. २०२४ सालीं मोटोक्रॉसच्या जागतिक मालिकेंत त्यांची गाडी उतरली, आणि २०२५ सालीं एंड्युरोच्या. मोटोक्रॉस म्हणजे आंखलेल्या रिंगणांतली अर्ध्या तासाची धुमश्चक्री; त्याच्याशीं आम्हांस फारसें कर्तव्य नाहीं. एंड्युरो हें प्रकरण निराळें आहे. सोसणें, टिकणें या अर्थाच्या इंग्रजी क्रियापदाच्या कुळांतला हा शब्द. आमचे एक भाषाशुद्धीचे अभिमानी मित्र त्यास ‘द्विचक्रयान-सहनसामर्थ्य-स्पर्धा’ म्हणावें असें सुचवितात. पण तेवढें म्हणून होईतों स्वार पुढचा नाला ओलांडून गेलेला असतो. वऱ्हाडांत ‘दम’ हा एक लहानसा शब्द आहे. बैलाला दम असतो, जमिनीला दम असतो, एखाद्या पोराला असतो. तोच येथें पुरेसा आहे.

या प्रकाराचें मूळ १९१३ सालीं इंग्लंडांतील कार्लाइल येथें झालेल्या सहा दिवसांच्या परीक्षेंत सांपडतें. ती शर्यत नव्हती, परीक्षाच होती, आणि ती स्वाराइतकीच यंत्राची होती. त्या काळीं चांगले रस्ते थोडे. मोटारसायकल विकत घेणाऱ्याच्या मनांत एकच धास्ती, कीं ही मला आडरानांत टाकून देणार तर नाहीं? जाहिरातींतून या धास्तीचें निवारण होण्याजोगें नव्हतें. म्हणून कारखानदारांनीं आपापल्या गाड्या सहा दिवस डोंगर, ओढे आणि चिखल यांतून काढून लोकांना दाखवावयाच्या. या परीक्षेचे नियम मोठे मार्मिक ठरले. गाडीच्या मुख्य भागांवर आरंभींच रंगाच्या खुणा करून ठेवावयाच्या, म्हणजे मध्येंच चोरून नवा भाग बसवितां येऊं नये. मोडेल तें स्वारानेंच, जवळच्या हत्यारांनीं, आपल्या हातानें नीट करावयाचें. दुसऱ्याची मदत घेतली कीं स्वार बाद. रात्रीं गाड्या कुंपणांत कोंडलेल्या. तेथें स्वारालाही हात लावण्याची मुभा नाहीं. सकाळीं इशारा झाला कीं रात्रभर थंड पडलेलें इंजिन ठराविक अवधींत सुरू झालें पाहिजे. आणि वाटेंतल्या प्रत्येक नाक्यावर नेमल्या मिनिटाला हजर व्हावयाचें. उशीर झाला तर दंड, आणि फार लवकर आलांत तरी दंड. ही शेवटची अट आम्हांला विशेष आवडते. विद्यापीठानें ती उचलली तर पहिल्याच तासाला उत्तरपत्रिका टाकून पसार होणारे विद्यार्थी निदान खिडकीबाहेर तरी स्वस्थपणें पाहत बसतील. १९८१ सालीं या परीक्षेच्या नांवांत एंड्युरो हा शब्द आला, यंत्रें पार बदललीं. परंतु दिवसाच्या शेवटीं थकलेल्या स्वारानें आपल्या गाडीचा टायर आपणच बदलावयाचा, हा शिरस्ता अजून कायम आहे.

ट्रायम्फचें घराणें याच कसोटीवर वाढलेलें. न्यूरेंबर्गहून इंग्लंडांत आलेल्या सीगफ्रीड बेटमन नांवाच्या जर्मन गृहस्थानें प्रथम सायकलींचा व्यापार मांडला, आणि युरोपांतल्या बहुतेक भाषांत कळेल असें नांव म्हणून ‘विजय’ या अर्थाचें हें नांव निवडलें. १९०२ सालीं कॉव्हेंट्रीच्या कारखान्यांतून पहिली मोटारसायकल निघाली, तीही बेल्जियमचें इंजिन बसवून. पहिल्या महायुद्धांत निरोप्यांच्या हातीं या गाड्या हजारांनीं गेल्या व त्यांना ‘विश्वासू ट्रायम्फ’ असें टोपणनांव पडलें. १९४० च्या नोव्हेंबरांत जर्मन बाँबनीं कॉव्हेंट्री उध्वस्त केली, त्यांत कारखानाही गेला, व मेरिडेन येथें तो नव्यानें उभा राहिला. १९४८ सालीं इटलींतल्या सान रेमो येथें सहा दिवसांच्या परीक्षेची ट्रॉफी ब्रिटननें जिंकली, तेव्हां ट्रायम्फचे स्वार त्या यशांत होते. लगोलग कारखान्यानें जी नवी गाडी काढली तिचें नांवच ‘ट्रॉफी’ ठेवलें. त्यानंतर १९५१ पर्यंत सलग, आणि पुन्हां १९५३ सालीं, ही ट्रॉफी ब्रिटनकडेच राहिली.

मग ती गेली ती गेलीच. झेकोस्लोव्हाकियाच्या जावा आणि पूर्व जर्मनीच्या एमझेड या कारखान्यांनीं हलक्या, टू-स्ट्रोक इंजिनाच्या गाड्या पुढें आणल्या. चिखलांत रुतली तर स्वारानें एकट्यानें उचलून बाहेर काढावी, अशी ती सुटसुटीत गाडी. इंग्रजांच्या भारदस्त गाड्या रस्त्यावर राजासारख्या दिसत, पण चढावरच्या निसरड्या मातींत राजेपण जड होतें. १९६३ पासून १९६७ पर्यंत पांच वर्षें पूर्व जर्मनीनें ही ट्रॉफी सोडली नाहीं, आणि १९७० पासून १९७४ पर्यंत झेकांनीं. १९६४ सालीं एर्फुर्ट येथें जी परीक्षा झाली तींत अमेरिकेच्या संघांतून प्रसिद्ध सिनेनट स्टीव्ह मॅक्वीन ट्रायम्फवर बसून उतरला होता. आदल्याच वर्षीं निघालेल्या ‘द ग्रेट एस्केप’ या चित्रपटांत जर्मनांच्या तारेच्या कुंपणावरून जी उडी घेतलेली दिसते ती ट्रायम्फचीच, जर्मन गाडीचें सोंग दिलेली. मात्र उडी मारणारा मॅक्वीन नव्हे, तर त्याचा मित्र बड एकिन्स. हे दोघेही एर्फुर्टला होते, आणि दोघांनाही अपघातामुळें परीक्षा अर्ध्यावर सोडावी लागली. पडद्यावरच्या जर्मनांना जिंकलेली गाडी प्रत्यक्षांतल्या जर्मनांच्या मातींत अशी आपटली.

आतां या कथेंत आमचें जळगांव कोठें येतें तें सांगावयास हवें. ज्या जावानें ट्रायम्फसारख्यांना चिखलांत मागें टाकलें तिचा जन्म १९२९ चा. यानेचेक या कारखानदाराच्या व वांडरर या जर्मन गाडीच्या नांवांचीं आद्याक्षरें जोडून तें नांव झालें. मुंबईच्या रुस्तम इराणी यांनीं या गाड्या हिंदुस्थानांत आणल्या, आणि १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यांत त्या येथेंच तयार होऊं लागल्या. १९७३ च्या सुमारास झेक नांव जाऊन येझदी हें नांव आलें. या येझदींपैकीं एक, १९८१ सालीं घेतलेली, आमच्या वडिलांची होती. वडील गुरांचे डॉक्टर. पावसाळा तोंडावर आला कीं फऱ्या आणि घटसर्प यांच्या लसी घेऊन त्यांना खेड्यापाड्यांतून हिंडावें लागे, आणि त्यांतलीं भिंगारा, गोमाल यांसारखीं आदिवासी गांवें थेट सातपुड्याच्या आंत. लस थर्मासांत, बर्फांत ठेवलेली. बर्फ वितळण्याच्या आंत पोंचलें पाहिजे, नाहींतर लस फुकट आणि गुरें वाऱ्यावर. कार्लाइलच्या परीक्षकांना ही अट सुचली नसती असें नाहीं, पण सुचली असती तर त्यांनीं ती फार कठोर म्हणून सोडून दिली असती.

आमच्या काळ्या मातीचा ज्यांना अनुभव नाहीं त्यांना तिचें वर्णन करून सांगणें कठीण. उन्हाळ्यांत हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाचा पाऊस एकदां नीट झाला कीं तीच माती लोण्यासारखी मऊ व डिंकासारखी चिकट होते. चाक फिरतां फिरतां ती मडगार्डांत भरत जाते, आणि पांचपन्नास पावलांत चाक असें जाम होतें कीं इंजिन ओरडत राहतें व गाडी जागची हालत नाहीं. वडिलांनीं यावर उपाय केला. गांवांतल्या मिस्त्रींकडून त्यांनीं पुढचें मडगार्ड चार बोटें उंच करून घेतलें, आणि माती उकरावयाला एक बाभळीची काडी सीटखालीं कायमची बांधून ठेवली. चिखलांतल्या शर्यतीच्या गाड्यांचीं मडगार्डें चाकापासून हातभर उंच असतात तीं नेमकीं याच कारणासाठीं, हें आम्हांला पुष्कळ वर्षांनीं चित्रें पाहतांना कळलें. वडिलांनीं तीं चित्रें कधीं पाहिलीं नाहींत. येझदीची किक आणि गियर यांचा दांडा एकच असे. तो किकसाठीं फिरवावयाचा आणि गाडी सुरू झाली कीं गियरसाठीं जागेवर आणावयाचा. भर चिखलांत, एका हातानें थर्मास सांवरीत, ते ही कसरत अशी सहज करीत कीं आम्हां मुलांना ती गाडी मोटारसायकल न वाटतां एखादें शिकविलेलें जनावर वाटे.

म्हैसूरचा कारखाना १९९६ सालीं बंद पडला. सुटे भाग मिळेनासे झाले. आमचे मिस्त्री बुश लेथवर कातून बसवीत आणि वेळ निभावून नेत. वडील गेल्यावर गाडी पडवींत उभी राहिली ती राहिलीच. पुढें काळ फिरला. २०१८ सालीं जावा हें नांव बाजारांत परत आलें, आणि २०२२ च्या जानेवारींत येझदी. महिंद्रांच्या पाठबळानें उभ्या राहिलेल्या ज्या मंडळीनें तीं परत आणलीं तींत रुस्तम इराणींचे चिरंजीव बोमन इराणीही आहेत. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनीं असा निर्णय दिला कीं, येझदी या नांवावर हक्क या मंडळींचा नसून दिवाळ्यांत निघालेल्या जुन्या कारखान्याचा आहे. त्यावर अपील झालें. बापानें वाढविलेलें नांव मुलानें वापरावें कीं नाहीं, हा वाद न्यायाधीशांपुढें जावा, यांत कायद्याच्या दृष्टीनें नवल कांहीं नाहीं. आम्हांला मात्र त्या निकालाची बातमी वाचतांना वाटलें कीं, या दाव्यांत वादी व प्रतिवादी यांखेरीज तिसराही एक पक्ष असावयास हवा होता. ज्यांनीं त्या नांवावर पंधरा पंधरा वर्षें विश्वास टाकून डोंगर चढले, त्यांचें म्हणणें कोणत्या कलमाखालीं दाखल करावयाचें?

नांव परत आल्याबरोबर जुन्या गाड्यांना भाव आला. पुण्याकडचे एक हौशी गृहस्थ आमच्या पडवींतली येझदी पाहावयास आले. किंमत त्यांनीं अशी सांगितली कीं ती ऐकून आमच्या सूनबाईंनीं चहांत साखर दोनदां घातली. आम्ही आईला विचारलें. आईचें वय ब्याऐंशी. ती म्हणाली, “विकायची तर विक. पण चालती करून विक. ते कधीं गाडी ढकलत घरीं आले नाहींत.” झालें, मिस्त्रींना बोलावणें गेलें. त्यांनीं टांकी हुंगली, प्लग काढून उन्हाकडे धरला, आणि म्हणाले, “सर, हिले काई रोग नाई. उभी राहून राहून मेली हाय ते.” आठ दिवस ते खपले. नवव्या दिवशीं गाडीनें निळा धूर सोडला व ती धडधडूं लागली; आई दाराशीं येऊन उभी राहिली, कांहीं बोलली नाहीं.

गृहस्थ पुन्हां आले. त्यांनीं गाडी फिरून फिरून पाहिली, बारीक टिपणें केलीं, आणि शेवटीं पुढच्या मडगार्डावर बोट ठेवून म्हणाले, “हें मूळचें नाहीं. कोणीतरी वर उचललेलें दिसतें. याचे पैसे कमी होतील.” तीं चार बोटें! जेवढ्यामुळें ती गाडी गोमालपर्यंत जाऊं शकली, जेवढ्यामुळें तिचें नांव त्या डोंगरांत लोकांच्या तोंडीं झालें, नेमकें तेवढेंच तिचें वैगुण्य ठरलें. गृहस्थ सज्जन होते आणि त्यांच्या शास्त्राप्रमाणें त्यांचें म्हणणें बरोबरही असेल. त्यांना कारखान्याच्या दारांतून बाहेर पडलेल्या क्षणींची येझदी हवी होती. आमच्याजवळ त्यानंतरची होती. सौदा झाला नाहीं. सध्यां ती गाडी मिस्त्रींच्या पुतण्याकडे असते व तिच्यावरून दोन कॅन दूध रोज पहाटे गांवांत येतें.

ट्रायम्फच्या पुनरागमनाचा विचार आम्ही या मडगार्डावरून करतों. मेरिडेनचा कारखाना १९७५ पासून कामगारांनीं सहकारी तत्त्वावर चालविला. १९८३ सालीं तोही बुडाला. जॉन ब्लूर नांवाच्या घरबांधणीच्या व्यावसायिकानें मोडींतून हें नांव विकत घेतलें, कित्येक वर्षें गाजावाजा न करतां तयारी केली, आणि १९९० सालीं हिंकली येथील नव्या कारखान्याच्या गाड्या जगापुढें मांडल्या. कारखाना नवा, यंत्रें नवीं, माणसें बहुतेक नवीं. जुनें होतें तें नांव. पुढें २००१ च्या सुमारास जुन्या रूपाच्या बॉनव्हिल गाड्या निघूं लागल्या आणि त्या फार खपल्या. कांहीं वर्षांनीं कार्बुरेटर जाऊन इंधन आंत सोडण्याची आधुनिक यंत्रणा आली, तेव्हां तिला मुद्दाम जुन्या कार्बुरेटरचा आकार देण्यांत आला. कारागिरी म्हणून हें छान आहे, आणि गिऱ्हाइकाची फसवणूक झाली असेंही कोणी म्हणणार नाहीं. त्याला तेंच हवें होतें. पण हा मार्ग पुण्याच्या त्या गृहस्थांचा आहे. नांव येथें आठवणीवर जगतें, आणि आठवण जितकी स्वच्छ पुसलेली तितकें त्याचें मोल अधिक.

एंड्युरोच्या गाडीनें हा मार्ग सोडला, म्हणून आम्हांला तिचें अप्रूप. तिच्यांत जुन्या ट्रायम्फचें म्हणून ओळखूं येणारें जवळ जवळ कांहींच नाहीं. ट्रायम्फची कीर्ति दोन सिलिंडरांच्या इंजिनांची. हिचें इंजिन एका सिलिंडरचें. सांगाडा ॲल्युमिनियमचा. टांकीवरचें नांव पुसलें तर मॅक्वीनच्या पिढीचा कोणी जाणता माणूस तिला आपल्या गोतांतली म्हणणार नाहीं. आणि तरीही, बॉनव्हिलपेक्षां हीच आम्हांला त्या घराण्याची खरी वारस वाटते. कारण सान रेमोला जी कसोटी दिली होती तिच्याच पुढें ती पुन्हां येऊन उभी राहिली. तेथें पूर्वपुण्याई चालत नाहीं. केटीएम, हस्कव्हर्ना यांसारखीं घराणीं या खेळांत इतकीं मुरलेलीं आहेत कीं, १९०२ सालचा दाखला दाखवून कोणी अर्धें मिनिटसुद्धां सूट देत नाहीं. हरण्याची जेथें पुरेपूर शक्यता आहे अशा जागीं एखादें प्रतिष्ठित नांव आपण होऊन जातें, ही गोष्ट आजकाल माणसांतही विरळा आढळते.

आमचे चिरंजीव चाकणला सुट्या भागांच्या एका कारखान्यांत आहेत. त्यांना हा युक्तिवाद पटत नाहीं. त्यांचें म्हणणें असें: “बाबा, तुमची कार्लाइलची गोष्ट ठीक आहे. पण तेव्हां लोक ज्या गाड्या विकत घेत त्याच परीक्षेला जात. आतां शर्यतीची गाडी वेगळी असते. तिच्यावर बसून कोणी बाजारांत जात नाहीं. चिखलांत ती टिकली म्हणून आमच्या चाकणची गाडी टिकेल, हें कशावरून?” चाकणची गाडी म्हणजे बजाज व ट्रायम्फ यांच्या सहकार्यानें २०२३ पासून तेथें तयार होणारी चारशे सीसीची, आपल्याकडे रस्त्यावर जी ट्रायम्फ बहुधा दिसते ती हीच. या आक्षेपांत तथ्य आहे आणि तें आम्ही नाकारीत नाहीं. परीक्षेचा मूळ हेतु होता सामान्य गिऱ्हाइकाला दिलासा देण्याचा. त्या हेतूचा धागा आतां पुष्कळ विरला आहे. कारखान्याच्या अंगीं काय शिकणें मुरतें, आणि त्यांतलें किती पाझरत पाझरत चाकणपर्यंत येतें, हें दहा वर्षांनीं कळेल. आणि तेंही शर्यतीच्या निकालांवरून नव्हे, तर आमच्या मिस्त्रींच्या दुकानापुढें उभ्या असलेल्या गाड्यांवरून.

मिस्त्रींचें भविष्यज्ञान याहून निराळ्या आधारावर चालतें. आमच्याच तालुक्यांत भेंडवळ आहे. अक्षय्यतृतीयेला तेथें घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशीं पहाटे पाऊसपाण्याचें व पिकांचें भाकीत सांगतात. तें ऐकावयास दूरदूरचे शेतकरी जमतात, आणि मिस्त्रीही जातात. पाऊस चांगला सांगितला कीं ते क्लचप्लेटा जास्त मागवून ठेवतात. मागच्या खेपेस त्यांच्या दुकानीं बसलों असतां आम्हीं त्यांना ही सगळी हकीकत सांगितली. सान रेमो, एर्फुर्ट, मेरिडेन, ब्लूर. ते एका बजाजच्या चाकाची तार ओढीत होते आणि मधून मधून हूं म्हणत होते. बॉनव्हिलच्या खोट्या कार्बुरेटरची गोष्ट ऐकून ते खूप हंसले. शेवटीं त्यांनीं एकच प्रश्न विचारला.

“सर, त्या शर्यतींत पंक्चर कोन काढते? मिस्त्री संगं राह्यते का?”

आम्हीं सांगितलें कीं, टायर ज्याचा त्यानेंच बदलावयाचा, दुसऱ्यानें हात लावावयाचा नाहीं.

“मंग ठीक हाय,” ते म्हणाले, आणि तार ओढूं लागले.